छतावरचा ॲस्बेस्टॉसचा गिलावा: काढावा, झाकावा की तसाच ठेवावा?

मीनल_लेस्टर

नमस्कार. आम्ही यंदा लेस्टरमध्ये १९७२ साली बांधलेले एक सेमी-डिटॅच्ड घर घेतले आहे. बैठकीची खोली, जिन्यावरची जागा आणि वरची दोन शयनगृहे यांच्या छतांवर पंख्यासारख्या वळणांचा उठावदार गिलावा आहे. इथे त्याला सर्रास ‘आर्टेक्स’ म्हणतात. घर घेण्यापूर्वीच्या पाहणी अहवालात ‘या गिलाव्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता नाकारता येत नाही’ असे एकच वाक्य होते आणि पुढे काय करायचे याबद्दल अवाक्षरही नव्हते. आता आम्हाला बैठकीच्या खोलीत छतात बसणारे दिवे हवे आहेत आणि जमल्यास सगळी छते सपाट करून घ्यायची आहेत.

ओळखीतून आलेल्या एका कारागिराने ‘शनिवार-रविवारात सँडर (घासण्याचे यंत्र) फिरवून मोकळे करून देतो, तोंडाला मास्क लावला की झाले’ असे सांगितले. माझ्या पतींचे म्हणणे असे की नाशिकला त्यांचे अख्खे बालपण सिमेंटच्या पत्र्याखाली गेले, घरात कोणाला काही झाले नाही, तेव्हा हा सगळा उगाच केलेला बाऊ आहे. माझे मन मात्र मानत नाही, कारण घरात चार वर्षांची मुलगी आहे. हा गिलावा काढलाच पाहिजे का, काढायचा असेल तर हे काम नेमके कोणाकडून आणि कसे करून घ्यावे, आणि ते नीट झाले आहे हे आमच्यासारख्या अनभिज्ञ माणसांनी कशावरून ओळखावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मोजपट्टी

मीनलताई, त्या कारागिराला आधी नकार कळवावा. बाकीचे सावकाश ठरवता येईल. मी गेली अठरा वर्षे मिडलँड्समध्ये इमारतींची पाहणी करतो आणि या गिलाव्याच्या बाबतीत पाहिलेले बहुतेक वाईट प्रसंग सँडरपासूनच सुरू झालेले आहेत.

आपल्या पतींचा मुद्दा मी रोज ऐकतो, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. तसल्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस या खनिजाचे बारीक तंतू सिमेंटने घट्ट धरून ठेवलेले असतात आणि पत्रा न कापता, न फोडता डोक्यावर असेल तोवर त्यातून फारसे काही सुटत नाही. तोच पत्रा ग्राइंडरखाली गेला की हिशेब पूर्ण बदलतो. शिवाय मेसोथेलिओमा, म्हणजे मुख्यतः फुप्फुसाच्या आवरणाला होणारा कर्करोग, तंतू श्वासातून गेल्यानंतर साधारण तीस-चाळीस वर्षांनी आणि कधी त्याहूनही उशिरा दिसतो, त्यामुळे ‘अजून कोणाला काही झाले नाही’ हा दाखला इथे उपयोगाचा नाही. ब्रिटनमध्ये अलीकडच्या काळातही वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसे या एका रोगाने दगावत आली आहेत. त्यांत सुतार, वीजतंत्री आणि नळकाम करणारे मोठ्या संख्येने आहेत. ही माणसे ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात नव्हती. लोकांच्या घरांत आणि शाळांत भिंतींना भोके पाडत होती.

आता आपल्या छताविषयी. निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसवर ब्रिटनमध्ये १९८५ साली बंदी आली, पांढऱ्यावर मात्र नोव्हेंबर १९९९ मध्ये. त्यामुळे १९७२ च्या घरात शक्यता भरपूर आहे, पण १९९० नंतर केलेले छत निर्धास्त मानावे असेही नाही. अशा उठावदार गिलाव्यात सापडतो तो बहुधा पांढरा प्रकार आणि तोही थोडा, साधारण ३ ते ५ टक्के. याची तुलना पोलादी तुळयांवर पूर्वी फवारत असत त्या थराशी करून पाहावी: त्यात ८५ टक्क्यांपर्यंत ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो बोटाने कुस्करतो. म्हणूनच फवारलेला थर, नळांवरचे उष्णतारोधक लेपन आणि ॲस्बेस्टॉसचे इन्सुलेशन बोर्ड यांना साधारणतः परवानाधारक कंत्राटदारच लागतो, तर आपल्यासारख्या गिलाव्याला सहसा लागत नाही. हे ऐकून पुष्कळ लोक ‘म्हणजे कोणीही काढावे’ असा अर्थ घेतात, आणि घोळ तिथे होतो. ब्रिटनच्या २०१२ च्या ॲस्बेस्टॉस नियमांनुसार वाफेने किंवा जेल लावून छतेच्या छते मोकळी करण्याचे काम सहसा ‘परवाना नको, पण आधी कळवलेच पाहिजे’ या वर्गात मोडते. कंत्राटदाराला काम सुरू करण्यापूर्वी एचएसई या सरकारी सुरक्षा संस्थेकडे त्याची नोंद करावी लागते, कामगार प्रशिक्षित असावे लागतात, त्यांची दर तीन वर्षांनी वैद्यकीय तपासणी व्हावी लागते आणि तिची कागदपत्रे ४० वर्षे जपावी लागतात. हवेतील तंतूंची मर्यादा चार तासांच्या सरासरीने एका घन सेंटिमीटरला ०.१ तंतू अशी आहे, परंतु ती ‘इथवर चालेल’ अशी रेषा समजू नये; नियमच सांगतो की तिच्या जितके खाली राहता येईल तितके राहावे.

पहिली पायरी म्हणजे नमुना तपासणी. प्रयोगशाळा यूकासची (ब्रिटनमधील प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) मान्यता असलेली घ्यावी आणि नमुनेही तिच्याच माणसाकडून घ्यावेत. तो जागा ओली करून चिमूटभर गिलावा काढतो, छिद्र बुजवतो आणि नमुना ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. प्रत्येक छताचे वेगळे नमुने द्यावेत, तेही एकाहून अधिक. हा गिलावा बादलीत कालवून लावत असत आणि तंतू त्यात सारखे मिसळलेले नसत, त्यामुळे एकच नमुना कोरा आला म्हणून छत कोरे ठरत नाही. दिव्यांसाठी छतात भोके पाडायची असल्याने नूतनीकरणापूर्वी करतात ते सविस्तर सर्वेक्षणच मागावे, कारण छताच्या वरच्या बाजूलाही काही दडलेले असू शकते.

उत्तरा_हॅरो

आम्ही दोन वर्षांपूर्वी याच प्रसंगातून गेलो, म्हणून प्रत्यक्ष काम कसे चालते ते लिहिते.

आदल्या दिवशी खोली पूर्ण रिकामी करून घेतली. पडदे आणि गालिचासुद्धा काढले, कारण कापडात बसलेली धूळ नंतर निघत नाही. सकाळी दोघे जण आले. त्यांनी जमीन आणि भिंती जाड पॉलिथिनने झाकून सांधे टेपने बंद केले, दारावर तसाच पडदा लावला आणि हीटिंग बंद करायला सांगितले. दोघांच्याही अंगात एकदा वापरून टाकायचे, टोपी असलेले पोशाख होते आणि तोंडावर एफएफपी३, म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणारे, मास्क. त्यांतला एक तरुण मला हसत म्हणाला की या नोकरीपायी त्याला दाढी सोडावी लागली: गालावर खुंट असले तरी मास्क नीट बसत नाही, आणि तो चेहऱ्याला बसतो की नाही याची वेगळी चाचणी होते. आपल्या कारागिराच्या ‘मास्क लावला की झाले’ या वाक्यातून गळलेले आहे ते नेमके हे.

मग छताच्या एका कोपऱ्यात हातभर जागेवर जेल लावून पाहिले. आमच्या छतावर रंगाचे बरेच थर होते, त्यांत एक तैलरंगाचा होता आणि जेल आत मुरेना, तेव्हा त्या भागावर वाफेचे यंत्र वापरावे लागले. गिलावा भिजून लोण्यासारखा मऊ झाला की रुंद पात्याने अलगद खरवडायचा आणि थेट पिशवीत घ्यायचा. दिवसभरात कोरडी धूळ उडालेली मी पाहिली नाही. आत लाल पिशवी, तिच्यावर पारदर्शक पिशवी, दोन्ही टेपने बंद. शेवटी ओल्या फडक्याने सगळे पुसले आणि एच वर्गाचा, म्हणजे घातक धुळीसाठीचा, व्हॅक्यूम फिरवला. घरातला नेहमीचा व्हॅक्यूम चुकूनही लावू नये, कारण त्याच्या गाळणीतून तंतू आरपार जातात आणि घरभर पसरतात. फडकी, पोशाख आणि पॉलिथिनसुद्धा त्याच घातक कचऱ्यात गेले, आणि तो कचरा परवानगी असलेल्या ठिकाणी पोहोचल्याचा कागद आठवड्याभरात आमच्या हाती आला.

त्याआधी भेटलेल्या एका कंत्राटदाराकडे मी कामाची लेखी योजना मागितली, तेव्हा त्याने ‘तुम्हाला माझ्यावर विश्वास नाही का’ असे विचारले. मी होय म्हणाले.

गवंड्याचा_नातू

मला थोडे वेगळे सुचवायचे आहे. छत धड असेल, कुठे पोपडे नसतील, ओल नसेल, तर काढायचेच कशाला? खालून नवीन प्लास्टरबोर्ड लावून त्यावर पातळ गिलावा केला की सपाट छत मिळते, जुने आहे तिथेच बंदिस्त राहते आणि खर्चही बहुधा कमी येतो. आमच्या घरी आम्ही तसेच केले. अर्थात बोर्डाचे स्क्रू जुन्या गिलाव्यातूनच जातात, म्हणून ते काम करणाऱ्यालाही ॲस्बेस्टॉसचे प्रशिक्षण हवे आणि धूळ जागच्या जागी ओढून घेण्याची सोय हवी.

मोजपट्टी

आपले म्हणणे रास्त आहे. सुस्थितीतल्या छताला हात न लावणे हा पुष्कळदा सर्वांत सुरक्षित मार्ग असतो. नुसता रंग द्यायचा असेल तर, जुना थर न घासता, तो देण्यासही हरकत नाही. माझा आक्षेप एवढाच की झाकलेली गोष्ट विसरली जाते. दहा वर्षांनी घर विकले जाते, नवा मालक दिवे बसवायला वीजतंत्री बोलावतो आणि तो गोल करवतीने आठ भोके पाडतो. त्या बोर्डामागे काय आहे हे सांगणारे कोणी उरलेले नसते. तेव्हा झाकायचे असेल तर प्रयोगशाळेचा अहवाल आणि छायाचित्रे घराच्या कागदपत्रांत ठेवावीत आणि फ्यूजबोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला ठळक सूचना चिकटवावी. मीनलताईंच्या बैठकीच्या खोलीत मात्र दिव्यांसाठी भोके पाडायचीच आहेत, त्यामुळे तिथे झाकून मग भोसकण्यापेक्षा ओल्या पद्धतीने काढणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

कागदांविषयी उत्तराताईंनी लिहिले आहे त्यात एक भर घालतो. कंत्राटदाराच्या विम्यात ॲस्बेस्टॉसचे काम स्पष्टपणे समाविष्ट आहे का, ते पाहावे, कारण सामान्य बांधकाम विम्यातून ते अनेकदा वगळलेले असते. परवानाधारक कामानंतर स्वतंत्र विश्लेषकाने चार टप्प्यांची तपासणी करून जागा वापरायला योग्य असल्याचा दाखला देणे बंधनकारक असते. आपल्या वर्गाच्या कामाला तसे बंधन नाही, तरीही लहान मूल घरात असताना हवेची तपासणी मागून घ्यायला हरकत नाही. फक्त तो विश्लेषक आपण स्वतः नेमावा. काम करणाऱ्यानेच आणलेल्या माणसाने काम उत्तम झाल्याचे सांगितले, तर त्याला फारसा अर्थ राहत नाही.

मीनल_लेस्टर

सर्वांचे मनापासून आभार. तपासणीचे निकाल आले, म्हणून पुन्हा लिहिते आहे. बैठकीच्या खोलीत आणि जिन्यावर पांढरा ॲस्बेस्टॉस सापडला. बैठकीतल्या तीन नमुन्यांपैकी एक कोरा निघाला, त्यामुळे एकावर न थांबण्याचा मोजपट्टी यांचा सल्ला नेमका कामी आला. दोन्ही शयनगृहांतले सगळे नमुने कोरे आहेत. शेजारच्या आजींना विचारले तेव्हा कळले की वरच्या खोल्यांची छते एकदा पाणी गळून पडली होती आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी नव्याने केली गेली.

बैठकीचे छत ओल्या पद्धतीने काढून घ्यायचे ठरले असून कंत्राटदाराने लेखी योजना, प्रशिक्षणाचे दाखले आणि विम्याची प्रत न मागता पाठवली. काम चालू असताना दोन दिवस आम्ही तिघेही बहिणीकडे राहणार आहोत. जिन्याचे छत सुस्थितीत आहे, ते तूर्त तसेच ठेवून त्याची नोंद फ्यूजबोर्डाच्या दारावर लावली आहे. माझ्या पतींनी या विषयावर पुढे काही वाद घातला नाही. पण काल ते नाशिकला धाकट्या दिरांशी फोनवर बोलताना ऐकले. गच्चीवरच्या खोलीचे पत्रे दिवाळीपूर्वी बदलायचे आहेत, आणि ते त्यांना सांगत होते की ग्राइंडर लावू देऊ नकोस, आधी पाणी मार, हुक सोडव आणि पत्रा अख्खाच्या अख्खा खाली उतरव.