कार्ड चाललं नाही तर? प्रवासात रोख किती आणि कुठं ठेवता?

चोर्ल्यातून गोव्याला, सौंदत्तीला यल्लम्माला, निपाणीवरून कोल्हापूरला आपलं जाणं-येणं चालूच असतं. हल्ली मोबाईल असला की पाकीट घरीच राहतं. ऐनवेळी कार्ड चाललं नाही तेव्हा काय केलंत, सविस्तर लिहा.

अथणीहून: वडिलांना रात्री मिरजेला नेलं. आमच्याकडं मोठं दुखणं म्हटलं की मिरजच. काउंटरवर कार्ड घासलं, माझ्या खात्यातून पैसे गेले, त्यांच्या मशीनवर मात्र 'फेल'. बँकेचा मेसेज दाखवला तरी पावती मिळेना. आईनं पदराच्या गाठीतल्या नोटा काढल्या, त्यावर ॲडमिट करून घेतलं. गेलेले पैसे नंतर परत आले. अशा वेळी रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम माहीत असू द्या: पाच दिवसांत पैसे उलटले नाहीत, तर पुढं दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेनं द्यायची असते. पण मध्यरात्री नियम कामाला येत नाही, रोखच लागते. दवाखान्याला निघताना हजारभर तरी जवळ असू द्या, हात जोडून सांगते.

जांबोटीहून: कणकुंबीच्या पुढं रेंजचा भरवसा नाही, पावसाळ्यात तर लाईटही नसते. पंक्चरवाल्याकडं क्यूआर कोड लावलेला असतो, पण "नेटवर्क इल्लरी" म्हटल्यावर करणार काय? गाडीच्या कागदपत्रांच्या प्लास्टिक पाकिटात शंभराच्या नोटा ठेवा. भिजत नाहीत आणि सहसा खर्चही होत नाहीत.

बेळगावहून: बायकांनो, जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना एसटी फुकट देणाऱ्या शक्ती योजनेमुळं नुसतं आधार कार्ड घेऊन बसमध्ये चढायची सवय लागलीय. राज्याबाहेर जाणाऱ्या कोल्हापूरच्या गाडीला ती सवलत नाही, तिकीट काढावं लागतं. माझ्या शेजारच्या मुलीचा फोन बंद पडला होता, तिचं तिकीट मी काढलं.

खानापूरहून: भरत पौर्णिमेला सौंदत्तीच्या डोंगरावर एवढी गर्दी, की फोनवर पैसे जाता जात नाहीत. नारळ-भंडाऱ्याला दहा-वीसच्या नोटा न्या. सगळे एका खिशात नकोत, आमची आजी अर्धे चंचीत आणि अर्धे कनवटीला ठेवायची.

संकेश्वरहून: माझं हॉटेल आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. कार्डाच्या मशीनला भाडं पडतं, म्हणून लहान दुकानदार ते ठेवत नाही, राग मानू नका. रोख आणा, पण मोड आणा. भवानीलाच चहाला पाचशेची नोट काढली, तर मी सुट्टे कुठनं देऊ?