ग्रीक चित्रपटांतील निर्विकार विनोद : हसू नेमके कशाचे येते?

निळी शाई (प्रश्न)

गेल्या दोन महिन्यांत मी चार ग्रीक चित्रपट पाहिले : योर्गोस लान्थिमोस यांचे 'डॉगटूथ' (२००९) आणि 'आल्प्स' (२०११), अथिना त्सांगारी यांचा 'अॅटेनबर्ग' (२०१०) आणि बाबिस माक्रिदिस यांचा 'पिटी' (२०१८). चारही चित्रपटांत पात्रे अत्यंत भयंकर किंवा अत्यंत विचित्र गोष्टी करतात, आणि तरीही बँकेच्या खिडकीपाशी उभे राहून पासबुक भरून मागावे अशा सपाट आवाजात बोलतात. मी अनेकदा मोठ्याने हसलो, आणि हसल्यावर लगेच अवघडलो.

'डॉगटूथ'मध्ये आईवडिलांनी आपल्या तीन प्रौढ मुलांना बंगल्याच्या कुंपणाबाहेर कधीच जाऊ दिलेले नाही. बाहेरच्या जगाचे शब्द चुकून कानावर पडलेच, तर त्यांना भलतेच अर्थ चिकटवून दिले जातात. 'समुद्र' म्हणजे लाकडी हातांची चामडी खुर्ची, 'झोंबी' म्हणजे एक लहानसे पिवळे फूल. जेवणाच्या टेबलावर कुणी 'टेलिफोन दे' म्हटले, की मिठाची बाटली पुढे सरकते. या प्रसंगाला मी हसलो, पण रात्री झोपताना तोच प्रसंग मला छळत होता.

माझे दोन प्रश्न आहेत. हा विनोद इतका ओढ लावणारा का वाटतो? आणि ज्या लेखांत याचा संबंध ग्रीसच्या आर्थिक संकटाशी जोडलेला असतो, ते मला अपुरे वाटतात. त्याहून खोल काही कारण आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

खिडकीपाशी

मी हौशी रंगभूमीवर बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाकडे मी नटाच्या बाजूने पाहतो.

आपल्या ओळखीच्या विनोदात नट प्रेक्षकाला हसण्याची परवानगी देत असतो. तो क्षणभर थांबतो, भुवई उंचावतो, वाक्याच्या शेवटी सूर किंचित वर नेतो. लान्थिमोस आपल्या नटांकडून या सगळ्या खुणा काढून घेतात. मीठ मागणाऱ्या मुलीला आपण काही गमतीदार बोलत आहोत याची कल्पनाच नाही, कारण तिच्या जगात ते वाक्य पूर्णपणे बरोबर आहे. हसायचे की नाही हे ठरवण्याची सगळी जबाबदारी प्रेक्षकावर येते, आणि मला वाटते आपण जे अवघडलेपण म्हणता त्याचा उगम इथेच आहे : आपण हसलो तर ते कुणाच्या सांगण्यावरून हसलो, असे म्हणायची सोय उरत नाही.

छायाचित्रणही याला मदत करते. छायाचित्रकार थिमिओस बाकाताकिस यांचा कॅमेरा 'डॉगटूथ'मध्ये अनेकदा अशा जागी स्थिर उभा असतो, की माणूस उठून उभा राहिला की त्याचे डोके चौकटीबाहेर जाते. ज्या चेहऱ्यावरून आपण प्रसंगाचा अर्थ लावला असता तो चेहराच दिसत नाही. दिसतात फक्त खांदे, पोट आणि हात. एफ्थिमिस फिलिप्पू हे लान्थिमोस यांच्याबरोबर 'डॉगटूथ' व 'आल्प्स'चे सहलेखक आहेत आणि 'पिटी'तही त्यांचा लेखनसहभाग आहे. त्यांचे संवाद मला परकी भाषा शिकवणाऱ्या पुस्तकातील वाक्यांसारखे वाटतात. व्याकरणाने ती अगदी शुद्ध असतात, पण बोलणाऱ्याचा स्वभाव त्यांत उतरू दिलेला नसतो.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मांजराचा प्रसंग. बागेत शिरलेले मांजर मुलगा कात्रीने मारतो. ही संधी साधून वडील कपडे फाडतात, अंगावर लाल रंग ओततात आणि घरी येऊन सांगतात, की कुंपणापलीकडे राहणाऱ्या तुमच्या भावाला मांजराने ठार केले. मग सगळे कुटुंब गुडघ्यांवर रांगत कुत्र्यासारखे भुंकण्याचा सराव करते. भुंकणाऱ्या मुलांना आपण हसतो, आणि मग लक्षात येते, की त्यांच्या रांगेत आईदेखील आहे. तिला सगळे खरे ठाऊक आहे आणि तरीही ती तितक्याच मन लावून भुंकते. माझे हसू तिथे थांबले. मुले फसवली गेली आहेत हे भयानक आहेच, पण जाणून असलेला माणूस नियम इतक्या निष्ठेने पाळतो, हे मला अधिक भयानक वाटले.

दक्षिणायन

नोकरीनिमित्त मी काही वर्षे अथेन्समध्ये राहिलो आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो.

आर्थिक संकटाचे स्पष्टीकरण तारखांपुढे टिकत नाही. 'डॉगटूथ' मे २००९ मध्ये फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि 'अं सर्तें रगार' या विभागात त्याने सर्वोच्च पारितोषिक मिळवले. ग्रीसची वित्तीय तूट आधी सांगितली त्याहून कितीतरी मोठी आहे हे जगाला कळले ते त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, आणि ११० अब्ज युरोचे पहिले मदतकर्ज आले मे २०१० मध्ये. लान्थिमोस यांचा 'किनेटा' तर २००५ चा आहे : हंगाम संपून ओस पडलेल्या किनाऱ्यावरील गावात तीन माणसे खुनाचे प्रसंग पुन्हा पुन्हा वठवून पाहतात. त्याच्या आदल्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकचा उद्घाटन सोहळा झाला होता, आणि तो सोहळा रचणाऱ्या चमूत लान्थिमोस व त्सांगारी दोघेही होते. देशाच्या गौरवाचा तो अतिभव्य देखावा उभारण्यात हातभार लावलेली माणसे लगेच ओसाड गावातील रिकाम्या हॉटेलांकडे वळली, हे मला फार बोलके वाटते. संकटामुळे जगाचे लक्ष ग्रीसकडे वळले, आणि २०११ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने या चित्रपटांना 'विचित्र लाट' असे नाव दिले. बाकी सारे आधीपासूनच शिजत होते.

माझ्या मते मूळ आहे कुटुंबात आणि भाषेत. १९६७ ते १९७४ या काळात ग्रीसवर लष्करी हुकूमशाही होती. 'पितृभूमी, धर्म, कुटुंब' ही तिथली जुनी घोषणा त्या राजवटीने पुरेपूर वापरली. राजवटीचा प्रमुख पापादोपुलोस देशाचे वर्णन प्लास्टरमध्ये जखडून ठेवावा लागणारा रुग्ण असे करत असे. स्वतःच्या भल्यासाठी बंदिस्त ठेवलेली मुले आणि स्वतःच्या भल्यासाठी प्लास्टरमध्ये घातलेला देश, या दोहोंत मला फार अंतर दिसत नाही.

भाषेचे तर आणखी विलक्षण आहे. १९७६ पर्यंत ग्रीसमध्ये कारभाराची आणि शिक्षणाची अधिकृत भाषा 'काथारेवूसा' होती, म्हणजे प्राचीन ग्रीकच्या वळणाने घडवलेली 'शुद्ध' भाषा; घरात आणि बाजारात लोक बोलत ती 'दिमोतिकी'. घरी एका शब्दाने ओळखीची असलेली वस्तू वर्गात दुसऱ्याच शब्दाने लिहायची, हा त्या पिढीचा रोजचा अनुभव होता. लान्थिमोस यांचा जन्म १९७३ चा, म्हणजे ते स्वतः नंतरच्या पिढीचे. पण त्यांना वाढवणारी पिढी या शाळांतून आलेली होती. शब्दांचे अर्थ वरून ठरवून देणारा बाप ही कल्पना तिथे आकाशातून पडलेली नाही, असे मी मानतो. हा माझा तर्क आहे, दिग्दर्शकांचे निवेदन नव्हे.

ज्याला आपण असंगत म्हणतो, ते पुष्कळदा तिथले साधे वास्तव असते, हेही सांगितले पाहिजे. 'अॅटेनबर्ग'मधील मरणासन्न वास्तुविशारद वडिलांना आपले दहन व्हावे असे वाटते, आणि मुलगी त्यांचे प्रेत परदेशी पाठवण्याची दरपत्रके आणि कागदपत्रे यांची चौकशी कोरड्या आवाजात करत बसते. हे कुणाला लेखकाचे कल्पनाचातुर्य वाटेल, पण ऑर्थोडॉक्स चर्चचा दहनाला विरोध असल्याने ग्रीसमध्ये तेव्हा एकही दाहिनी नव्हती. कायद्याने २००६ मध्ये परवानगी दिली आणि पहिली दाहिनी सुरू झाली २०१९ मध्ये, अथेन्सच्या उत्तरेस रित्सोना येथे. त्या मधल्या काळात ज्याला दहन हवे होते, त्याचे नातेवाईक खरोखरच अशीच चौकशी करत असत. चित्रपटातील गावही खरे आहे : अॅल्युमिनियम कारखान्यातील कामगारांसाठी वसवलेली 'आस्प्रा स्पितिया' ही वसाहत, म्हणजे 'पांढरी घरे'. ती सारख्या आकाराची घरे पाहिल्यावर त्या मुलीचे सपाट बोलणे मला तरी मुळीच विचित्र वाटेनासे झाले.

अर्धविराम

वरील दोन्ही प्रतिसाद मनापासून आवडले, तरीही थोडी वेगळी बाजू मांडावीशी वाटते.

कुटुंबाला कोंडून ठेवणारा बाप ही केवळ ग्रीक कल्पना नाही. मेक्सिकोचे आर्तुरो रिपस्टाइन यांनी १९७२ मध्येच एका खऱ्या घटनेवरून तशा घराचा चित्रपट केला होता. म्हणून ग्रीक चित्रपटांचे वेगळेपण मी कथेत शोधत नाही, तर स्वरात शोधते. आणि हा स्वर जेव्हा सवयीचा होतो तेव्हा तो पोकळ वाटू लागतो, असेही मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सपाट आवाज, स्थिर कॅमेरा, फिकट भिंती आणि मध्येच अंगावर येणारी हिंसा, एवढे साहित्य जमवले की चित्रपट आपोआप खोल होत नाही. अलेक्झांद्रोस आव्रानास यांच्या 'मिस व्हायोलन्स'ला (२०१३) व्हेनिसमध्ये दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले, पण त्यात मला विनोद जवळजवळ सापडला नाही, आणि विनोद नसल्यामुळे तो चित्रपट अधिक गंभीर न होता केवळ अधिक निर्दय झाला, असे माझे मत आहे.

याउलट त्सांगारी यांच्या विनोदात मला माया दिसते. 'शेवालिए'मध्ये (२०१५) एजियन समुद्रातील एका नौकेवर सहा पुरुष 'एकंदरीत सर्वोत्तम कोण' हे ठरवण्याची स्पर्धा लावतात आणि झोपण्याच्या पद्धतीपासून रक्ततपासणीच्या अहवालापर्यंत सगळ्याला गुण देतात. यांतला एकही पुरुष दुष्ट नाही. रात्री एकटा असताना प्रत्येक जण आपले गुण मनाशी जुळवत बसतो, तेव्हा हसता हसता मला माझ्या घरातील आणि कार्यालयातील किती तरी माणसे आठवली, आणि त्यांच्याबद्दल कणव वाटली.

'पिटी'बद्दल कुणी लिहिले नाही म्हणून थोडे लिहिते. बायको कोमात असलेल्या वकिलाला शेजारीण रोज सकाळी संत्र्याचा केक आणून देते. बायको शुद्धीवर येऊन घरी परतते आणि केक बंद होतो. त्या माणसाला बायको परत आल्याच्या आनंदापेक्षा सहानुभूती गेल्याचे दुःख मोठे वाटते, आणि कपडे धुवायला देतो त्या दुकानात तो ती अजूनही कोमात असल्याचेच सांगत राहतो. ही गोष्ट रडव्या सुरात सांगितली असती तर आपण त्याला ढोंगी म्हणून मोकळे झालो असतो. कोरड्या सुरामुळे तसे करता येत नाही, कारण आजारपणात मिळणाऱ्या विचारपुशीची चटक ज्याला मुळीच ठाऊक नाही, असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

निळी शाई

तिघांचेही मनःपूर्वक आभार. काल रात्री 'अॅटेनबर्ग' पुन्हा पाहिला, या वेळी रित्सोनाच्या दाहिनीची माहिती डोक्यात ठेवून, आणि तो वेगळाच चित्रपट वाटला. पहिल्यांदा मी प्रेताच्या वाहतुकीच्या बोलण्याला हसलो होतो. या वेळी मला त्या मुलीचा धीर दिसला, कारण आवाज सपाट ठेवल्याशिवाय ते बोलणे तिला पुरे करताच आले नसते.

आणि मग अचानक सतीश आळेकर यांचे 'महानिर्वाण' (१९७४) आठवले. त्यातील भाऊरावही मेल्यानंतर आपल्याला जुन्या स्मशानातच जाळावे म्हणून हटून बसतात आणि ते स्मशान तर बंद झालेले असते. दोन्हीकडे मेलेल्या किंवा मरू घातलेल्या माणसाची साधी इच्छा कारभाराच्या दारात अडकून पडते. फरक एवढाच जाणवतो, की भाऊराव स्वतःच्या मरणाचे कीर्तन करतात, त्यामुळे आपल्याला हसायला ताल मिळतो आणि शेजारी चाळ असते. 'अॅटेनबर्ग'मधल्या मुलीला ना ताल आहे ना चाळ, एका मैत्रिणीचा हात धरून ती पांढऱ्या घरांमधल्या रस्त्याने वेड्यावाकड्या चालीने चालत राहते. ते चालणे मी काल तीनदा मागे नेऊन पाहिले.

दक्षिणायन, आपल्याला सवड झाली तर एक विचारायचे आहे. सबटायटलमधून आलेले संवाद मला सपाट वाटतात, पण ग्रीक कानाला ते तितकेच सपाट लागतात का, की त्यांत शाळेतल्या त्या 'शुद्ध' भाषेचा काही वास येतो?