विद्यार्थी थरारपटाचा पहिला प्रसंग कसा आखावा?

प्रश्न: पहिलीपाटी

आम्ही पाच विद्यार्थी मिळून १० मिनिटांचा मारधाडीचा थरारपट करत आहोत आणि त्यातली पहिली २ मिनिटे सुरुवातीच्या प्रसंगासाठी राखून ठेवली आहेत. नायिका संध्याकाळी एका रिकाम्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून एक पेनड्राइव्ह उचलते आणि एक माणूस तिच्या मागे लागतो. सध्याच्या मसुद्यात चित्रपट थेट जिन्यातल्या पाठलागाने सुरू होतो, गच्चीवर झटापट होते, तो माणूस चाकू काढतो आणि तेवढ्यात ‘तीन दिवसांपूर्वी’ अशी पाटी येते. पटकथा लिहिणारी मैत्रीण म्हणते की, ही मुलगी कोण हेच कळलेले नसताना तिच्या जिवाची काळजी कोणाला वाटणार? मला मात्र संथ सुरुवातीची भीती वाटते. आमच्याकडे एक कॅमेरा, दोन लेन्स आणि चित्रीकरणाला जेमतेम चार तास आहेत. आखणी कुठून सुरू करावी?

प्रतिसाद १: कात्री

तुमच्या मैत्रिणीचे म्हणणे मला पटते, पण त्यावरचा उपाय संथ सुरुवात हा नाही. प्रेक्षकाला काय माहीत आहे आणि पात्राला काय माहीत नाही, हे आधी ठरवा. टेबलाखालच्या बॉम्बचे आल्फ्रेड हिचकॉक यांनी दिलेले उदाहरण तुम्ही ऐकले असेल. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो, पण तो तिथे आहे हे त्याला आधीच ठाऊक असेल, तर टेबलावरच्या साध्या गप्पाही त्याचा जीव टांगणीला लावतात. तुमच्या मसुद्यात धावणारी दोन माणसे आहेत, मात्र प्रेक्षकाच्या हाती असे एकही गुपित नाही.

समजा, पेनड्राइव्ह काढताना त्याचे टोपण नायिकेच्या हातून निसटते आणि टेबलाखाली जाते. ते तिला दिसत नाही, आपल्याला दिसते. ती खोली होती तशी लावते, खुर्ची आत सरकवते, दिवा मालवते आणि सगळे नीट झाले अशा समजुतीने बाहेर पडते. मग त्याच अंधाऱ्या खोलीत एक बूट येऊन टोपणाशेजारी थांबतो. यात कोणीही धावलेले नाही, पण ती जिना उतरू लागेल तेव्हा तिचे प्रत्येक पाऊल आपल्याला फार सावकाश पडते आहे असे वाटेल. शिवाय खुर्ची सरकवण्याच्या त्या लकबीतून ती किती काटेकोर आहे हेही कळते, त्यासाठी निवेदनाची गरज उरत नाही.

‘तीन दिवसांपूर्वी’ ही पाटी मी काढून टाकेन. १० मिनिटांच्या चित्रपटात मागे जाण्याइतका पैस नसतो, आणि नायिका गच्चीपर्यंत जिवंत पोहोचणार हे एकदा दाखवले की मधल्या प्रत्येक संकटाची धार जाते.

प्रतिसाद २: तिपाई

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, म्हणून फक्त चित्रीकरणाविषयी लिहितो. जागा बदलून कॅमेरा आणि दिवे पुन्हा लावायला १५ ते २० मिनिटे सहज जातात, म्हणजे चार तासांत १२ ते १५ मांडण्या होतील, आणि त्याही सगळे आधी कागदावर असेल तरच. खोलीचा आणि जिन्याचा वरून दिसणारा नकाशा काढा, त्यावर पात्रांच्या वाटा आणि कॅमेऱ्याच्या जागा मांडा. ती डावीकडून उजवीकडे पळत असेल, तर पाठलाग करणाराही त्याच दिशेने पळाला पाहिजे. ही दिशा नकळत उलटली तर ते दोघे एकमेकांच्या अंगावर धावून येत आहेत असे वाटते.

पळण्याचा वेग पायांपेक्षा लेन्समुळे अधिक जाणवतो. रुंद लेन्ससमोर माणूस जवळ येताना झपाट्याने मोठा होतो. लांब पल्ल्याच्या लेन्समधून समोरून पाहिले तर तो जागच्या जागी धडपडतो आहे असा भास होतो, मात्र त्याच लेन्सने आडवे पळणे टिपले आणि मध्ये कठड्याचे गज सपासप निघून गेले, तर वेग दुप्पट वाटतो. ५० हर्ट्झ विजेवरचे ट्यूबलाइट असतील तर सेकंदाला २५ फ्रेम टिपताना शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडण्याचा वेळ, १/५० सेकंद ठेवा, नाहीतर प्रकाश लुकलुकलेला दिसण्याची शक्यता असते आणि ते संकलनात निस्तरणे अवघड जाते.

प्रतिसाद ३: सावधपाऊल

गच्चीवरची झटापट कृपया खऱ्या गच्चीच्या कडेला करू नका. मी एका विद्यार्थी-चित्रपटात सहायक असताना मित्राचा पाय पायरीवरून घसरला आणि मनगट मोडले; आम्ही घाईत तालीम गाळली होती, एवढेच कारण होते. कॅमेरा खाली ठेवून आकाशाकडे वळवला तर सपाट जमिनीवरही उंचीचा भास होतो. ठोशासाठी मारणारा, मार खाणारा आणि कॅमेरा साधारण एका रेषेत ठेवा, म्हणजे मूठ आणि चेहरा यांत हातभर अंतर असूनही ते दिसत नाही. ठोसा खरा वाटतो तो मार खाणाऱ्याच्या मानेच्या झटक्यामुळे आणि नंतर भरलेल्या आवाजामुळे. चाकू रबरी किंवा पुठ्ठ्याचाच हवा, आणि प्रत्येक हालचाल आधी अर्ध्या वेगाने बसवून घ्या. इमारतीतल्या लोकांना आणि पहारेकऱ्याला आदल्या दिवशीच कल्पना द्या.

पहिलीपाटी

सर्वांचे मनापासून आभार. आज आम्ही झटापट आणि चाकू पहिल्या प्रसंगातून काढले. आता शेवटचा शॉट बुटाचा आहे आणि त्यावरच चित्रपटाचे नाव येईल. एकच शंका उरली आहे: टोपण पडताना त्याचा मोठा क्लोज-अप घ्यावा का? प्रेक्षकाच्या नजरेतून ते सुटेल अशी धास्ती वाटते.

कात्री

क्लोज-अप घ्या, पण पडतानाचा नको. पडताना फक्त आवाज ऐकू येऊ द्या आणि त्याच क्षणी बाहेर दाराचा आवाज होऊ द्या, म्हणजे तिचे लक्ष का गेले नाही हेही पटेल. ती गेल्यावर कॅमेरा जमिनीलगत ठेवून टोपण पुढे आणि दार मागे, असा एकच शॉट दिवा मालवल्यानंतर चार-पाच सेकंद धरा. दाराच्या फटीतून येणारी उजेडाची पट्टी टोपणावर पडेल अशी जागा आधी शोधून खडूने खूण करून ठेवा. आणि निघण्यापूर्वी त्या रिकाम्या खोलीची शांतता अर्धा मिनिट ध्वनिमुद्रित करायला विसरू नका, बूट येण्याआधी तीच ऐकवायची आहे.