सदाशिव पेठेत भाड्याने राहायला जावं का? आई-बाबा सोबत असणार आहेत

सातारकर: नमस्कार मंडळी. ऑफिस पिंपरीला, सध्या वाकडला राहतोय. आता आई-बाबा साताऱ्याहून कायमचे येतायत. बाबा सत्तरीचे, आईचे गुडघे दुखतात. इकडे साधी कोथिंबीर आणायची तरी रिक्षा लागते, मी ऑफिसला गेलो की दोघं दिवसभर घरात कोंडल्यासारखे होतील म्हणून पेठेत टू बीएचके बघतोय. पण गर्दी, पार्किंग, गणपती याचं टेन्शन आहे. तिथे राहणाऱ्यांनी खरं काय ते सांगा प्लीज.

पेरूगेटवाला: बिनधास्त या. सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो सुरू झाली तेव्हापासून पिंपरीचं टेन्शनच गेलं, मंडईला बसायचं ते थेट पिंपरी, गाडी बदलायची नाही. वनाज-रामवाडीकडे जायचं असेल तर सिव्हिल कोर्टला बदला. साताऱ्याची एसटी स्वारगेटहूनच सुटते. आणि बाबांसाठी म्हणाल तर टिळक स्मारक, भरत नाट्य दोन्ही चालत, सकाळी सारसबाग, पुस्तकं हवी असतील तर अप्पा बळवंत चौक. माझे वडील पंच्याहत्तरीला स्वतः भाजी आणतात, वाटेत चार ओळखीचे भेटतात, ते फार मोलाचं आहे हो.

नारायणपेठकर ताई: सगळं खरंय पण दादा, गल्ली बघून घर घ्या. विसर्जन मिरवणूक लक्ष्मी रोड, कुमठेकर, केळकर आणि टिळक रोडवरून जाते, २४ तास उलटून गेले तरी चालू असते, स्पीकरने खिडक्या थरथरतात. आमच्या सासूबाईंना हार्टचा त्रास आहे, आम्ही ते दोन दिवस त्यांना नणंदेकडे पाठवतो. तेव्हा रस्ते बंद असतात, दवाखान्यात न्यायचं झालं तर कुठून बाहेर पडायचं ते आधीच ठरवून ठेवा. मुख्य रस्त्यापासून दोन-तीन गल्ल्या आत गेलात तर एरवी दुपारी अगदी शांत असतं.

वाड्यातला: लिफ्टचं आधी बघा!! जुन्या तीन मजली बिल्डिंगना बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही, आईंना रोज जिने झेपणार नाहीत. आणि बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार आहे का ते मालकाला विचारूच नका, शेजाऱ्यांना विचारा, मालक नाहीच म्हणणार. आम्हाला अॅग्रीमेंट संपायच्या आधी खाली करायला लावलं, म्हाताऱ्या माणसांना घेऊन परत घर शोधणं फार वाईट. मुदतीआधी काढलं तर डिपॉझिट लगेच परत, असं लिहून घ्या.

सातारकर: खूप आभार सगळ्यांचे. कार आहे एक, तिचं काय करू? आणि शनिवारी बघितलेल्या घराच्या खालीच अभ्यासिका आहे, त्रास होतो का?

पेरूगेटवाला: अभ्यासिकेचा आवाज नसतो, एमपीएससीची पोरं बिचारी मान खाली घालून वाचत असतात. पण त्यांच्या टू-व्हीलर गेटसमोर लागतात, आईंना चालायला जागा राहते का ते संध्याकाळी सातला जाऊन बघा, शनिवार सकाळचं बघून ठरवू नका. कारला आतलं पार्किंग मिळालं तरच ठेवा. रस्त्यावर सम-विषम तारखेप्रमाणे बाजू बदलायला लागते आणि रात्री ऑफिसातून आल्यावर जागा मिळत नाही. मी तर विकून टाकली, अडलं नाही काही.

नारायणपेठकर ताई: आणि आईंनाच सोबत नेऊन घर दाखवा, जिना त्यांना चढायचाय.