मदत हवी आहे: किडनी ट्रान्सप्लांटनंतर टॅक्रोलिमसची लेव्हल एकदम दुप्पट

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाचं (वय 34) ट्रान्सप्लांट होऊन सात महिने झाले. किडनी आईची. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन चालू आहे. क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते) 1.1च्या आसपास असायचं, टॅक्रोची रक्तातली लेव्हल 7-8. मागच्या आठवड्यात क्रिएटिनिन 1.6 आणि लेव्हल 15.4! हात इतका थरथरतोय की परवा अर्धा चहा बशीत.

आता आमचे घोळ. दहा दिवसांपूर्वी खोकल्यासाठी तो कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेला. तिथे ट्रान्सप्लांटचं बोललाच नाही, म्हणे खोकलाच तर आहे. मिळालं क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक. शरीरात टॅक्रो ज्या एन्झाइममुळे मोडतं, त्यालाच हे अडवतं, असं किडनीच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं. दुसरा घोळ: लेव्हलचं रक्त रात्रीच्या डोसला बारा तास झाल्यावर, सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं असतं. लॅबवाला उशिरा आला आणि यानं नऊचा गजर वाजताच गोळी गिळली. म्हणजे 15.4 मधले खरे किती, देव जाणे.

अँटिबायोटिक बंद केलंय, टॅक्रोचा डोस डॉक्टरांनी कमी केलाय. चार दिवसांनी पुन्हा रक्त. बीके व्हायरसची (ट्रान्सप्लांटच्या किडनीला त्रास देणारा विषाणू) तपासणीही पाठवलीय. क्रिएटिनिन उतरलं नाही तर बायॉप्सी. क्रिएटिनिन टॅक्रो जास्त झाल्यानंही चढतं आणि रिजेक्शननंही (शरीर किडनी नाकारायला लागलं तर), पण पहिल्यात औषध कमी करायचं नि दुसऱ्यात वाढवायचं, त्यामुळे अंदाजानं चालत नाही म्हणे.

असं कुणाचं झालं होतं का? लेव्हल खाली यायला किती दिवस लागले? बायॉप्सी फार दुखते का? आई रोज विचारते, "माझीच किडनी जुनी निघाली का रे?" तिला काय सांगू?

प्रतिसाद:
माझी लेव्हल फ्लुकोनॅझोल या बुरशीवरच्या गोळीनं अशीच चढली होती. आठवड्याभरात उतरली, पण पुढे भलतीच खाली गेली, कारण फ्लुकोनॅझोल बंद झाल्यावर टॅक्रोचा डोस परत वाढवायचा राहिला. तेव्हा पुढची लेव्हल कधी करायची हे आत्ताच विचारून ठेवा. डोसला मात्र स्वतः हात लावू नका. बायॉप्सीचं म्हणाल तर नवी किडनी ओटीपोटात पुढच्या बाजूला असते, त्यामुळे उताणंच झोपवतात. भूल देतानाची सुई टोचते तेवढीच. नंतर काही तास न हलता पडून राहायचा कंटाळा जास्त. आईंना सांगा, गोंधळ गोळ्यांचा दिसतोय, त्यांच्या किडनीनं सात महिने 1.1 दाखवलंय. आणि पपनस घरात आणू नका, त्यानंही लेव्हल चढते.

धागाकर्ता:
बापरे, पपनस! गणपतीत मामांनी पिशवीभर आणून दिले होते. विचारतो त्याला.