मुलांचा गेम आणि पालकांचा पासवर्ड

धागाकर्ता:
१३ वर्षांखालील मुलांच्या गेममधील व्हॉइस चॅट आणि मेसेज पालकांनी सरसकट बंद ठेवावेत, असे माझे मत आहे. 'फोर्टनाइट' गेमच्या एपिक गेम्स कंपनीने २०२२ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करताना मुलांच्या गोपनीयतेच्या प्रकरणात २७.५ कोटी डॉलरचा दंड मान्य केला. लहान मुलांसाठीही चॅट आपोआप चालू असे, हा त्यातला एक प्रमुख आक्षेप होता. कंपन्यांची ही तऱ्हा असेल, तर बटण घरातच बंद करावे लागणार.

प्रतिसाद १:
असहमत. चॅट बंद केल्याने अनोळखी माणूस दूर राहील, पण चोरी थांबत नाही. माझ्या १० वर्षांच्या मुलाला 'फुकट स्किन'ची (गेममधल्या पात्राच्या नव्या पोशाखाची) लिंक गेममध्ये नव्हे, एका व्हिडिओखाली मिळाली. उघडलेले पान गेमच्या लॉगिनसारखेच हुबेहूब होते. फक्त वरच्या वेब-पत्त्यात एक अक्षर जास्त होते. त्याने पासवर्ड दिला आणि खाते गेले. तोच पासवर्ड माझ्या ईमेललाही होता, हा मूर्खपणा अर्थात माझा. तरीही मुलगा चार दिवस गप्प राहिला, कारण काही गडबड केलीस तर टॅब काढून घेईन, असे मीच त्याला बजावले होते. ते चार दिवस हाती असते तर निदान माझे ईमेल खाते तरी वाचवता आले असते.

धागाकर्ता:
तुमची धमकी चुकली म्हणून नियमच चुकीचा ठरत नाही. दहा वर्षांच्या मुलाने पत्त्यातले जादा अक्षर ओळखावे, ही अपेक्षा मला अवाजवी वाटते. मोठी माणसेही तिथे फसतात.

प्रतिसाद २:
नियमाचे काय होते ते दक्षिण कोरियाने पाहिले आहे. तिथे २०११ पासून १६ वर्षांखालील मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहापर्यंत ऑनलाइन गेम बंद होते. मुले आईवडिलांच्या ओळख क्रमांकाने आत शिरू लागली आणि २०२१ मध्ये सरकारने तो कायदा रद्द करण्याचा निर्णय घेतला. म्हणजे बंदीने मुलांना दुसऱ्याची ओळख वापरायला शिकवले!

धागाकर्ता:
सरकारी बंदी आणि घरातला नियम यांत फरक आहे, कारण घरात कारण समजावून सांगता येते. चॅटबाबत मी ठाम आहे. मात्र चूक कबूल केल्यास टॅब जप्त होणार नाही, हे मुलाला आधीच सांगायला हवे, एवढे प्रतिसाद १ मधले मला पटले. आणि पालकांनी ईमेलचा पासवर्ड वेगळा ठेवून दुहेरी पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू करावी, यावर तर वादच नाही.