कोकणात कॅमेरा घेऊन हिंडताना : तुमचे अनुभव लिहा

सड्यावरचा
परवा चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकला, सड्यावर दीपकाडी आलीय. मी तेव्हा लोकलमध्ये, शेजारच्याच्या छत्रीचं पाणी माझ्या चपलेत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पहिले दोन-चार पाऊस पडले की आमच्या रत्नागिरीकडच्या कातळावर ही पांढरी फुलं येतात, उभ्या दांडीवर, आणि कोकणाबाहेर कुठे शोधू नका. आठ महिने तो सडा नुसता तापलेला काळा दगड असतो, कागदोपत्री पडीक, आणि जूनमध्ये बघावं तर पाय कुठे ठेवू असं होतं.
बाबांचा याशिका होता तेव्हा, छत्तीसचा रोल, आणि नियम असा की एका फुलाला एकच फोटो. त्यामुळे आधी पंधरा मिनिटं नुसतं बघायचं. एकदा मी ओल्या कातळावर पालथा पडून फोकस लावतोय आणि गुरांमागे आलेले एक आजोबा मागे येऊन उभे, "काय हरावलं रे?" मी म्हटलं काही नाही, फूल बघतोय. त्यांना पटलं नाही. तेही काठीने गवत बाजूला करून शोधायला लागले, म्हणे अंगठी असंल तर सांग, घरी नाय सांगत.
तर लिहा तुमचेही. पक्षी, फुलं, बंदर, घरचं अंगण, काहीही चालेल. कॅमेरा भारीच हवा असं नाही.

चाकरमानी
अंगठी असंल तर सांग!!! ऑफिसात मोठ्याने हसलो, आता सगळे विचारतायत.

हर्णैची
मी मोबाईलवरच काढते. संध्याकाळी हर्णैला लिलाव लागतो तेव्हा किनाऱ्यावर बैलगाड्या पाण्यात घालतात ना मासळी आणायला, मागे सुवर्णदुर्ग, कुणीही काढला तरी फोटो चांगलाच येतो, त्यात माझं काही कौतुक नाही. पण एक मावशी होत्या कोलंबी निवडत बसलेल्या, त्या म्हणाल्या आमचे फोटो सगळे काढून नेतात, आम्हाला कोण दाखवतो? मग दापोलीत प्रिंट काढून नेऊन दिली. पुढच्या वेळी गेले तर थर्माकोलच्या खोक्याला आतून चिकटपट्टीने लावलेला, बर्फाचं पाणी लागून अर्धा पुसट झालेला. आता मला बघितलं की पापलेटचा भाव आपोआप उतरतो. बाकीच्या बायका रांगेत उभ्या, आमचा पण काढ.

खाडीकाठ
आमच्याकडे ओहोटीला कांदळवनात निवटे, म्हणजे चिखलात सरपटणारे मासे, बाहेर येतात. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचा पर ताठ उभा करून भांडतात, त्यावर निळे ठिपके असतात, उन्हात असे काही चमकतात. पण त्यांचे डोळे डोक्यावर, जरा हललात की बिळात. मी होडीच्या बुडाशी टेकून बसतो, गुडघाभर चिखल, डास चावतायत आणि मारता येत नाही कारण हात हलवला की संपलं.

बांद्याचो
निवट्यांचो फोटो काढून काय करतलस? तिखला कर आणि आमका बोलय.

खाडीकाठ
@बांद्याचो तेही करतो, पण आधी फोटो :)

निवृत्त मास्तर
किनाऱ्यावर फोटोला जाणाऱ्यांनी अ‍ॅपच्या आधी आपलं कॅलेंडर बघावं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. साधारण अंदाज आहे, थोडं मागेपुढे होतं, पण आमचे खारवी लोक ह्यावरच चालतात. आता तुमच्या उपयोगाचं सांगतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती दुपारी बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास, नेमकी सूर्यास्ताला. आणि उधाणाची असल्यामुळे पाणी लांबवर मागे जातं, ओली वाळू आरशासारखी पसरते, त्यात आख्खं आभाळ दिसतं. अष्टमीला गेलात तर सूर्यास्ताला भरती, ती ओली वाळू पाण्याखालीच असणार. याउलट हेदवीची बामणघळ बघायची तर भरतीच हवी, त्या चिंचोळ्या फटीतून पाणी उसळतं ते तेव्हाच. पण लांबून. काठावर जाऊन सेल्फी काढणाऱ्यांना मी ओरडतो, मग ते मला काका चिल म्हणतात.

मुग्धा_पुणे
मास्तर, एकादशीला किती?

निवृत्त मास्तर
सव्वाआठ. गणित तुम्ही करायचं होतं.

केळशीकर
मी वेगळंच लिहितो. आमची सुपारीची वाडी, घराच्या मागे. मी कॅमेरा घेतला तो वाडीतलेच पक्षी काढायला, नवरंग यायचा पावसाच्या तोंडावर. भर दुपारी सुद्धा वाडीत इतकी सावली की आयएसओ (उजेड कमी तसा कॅमेऱ्यात वाढवायचा आकडा) सोळाशेच्या खाली फोटोच निघायचा नाही, आणि मी कायम वैतागलेला की फोटोत दाणे येतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारनंतर वाडीत जायलाच वाट नव्हती, पोफळी मधेच मोडून एकावर एक. आता त्याच जागी उभा राहतो तर आयएसओ शंभरवर फोटो येतो. स्वच्छ, एक दाणा नाही. नवीन रोपं लावलीत, पण पोफळ लागती व्हायला पाच-सात वर्षं, आणि सावली धरायला किती ते बाबांनाच विचारायला पाहिजे.

हर्णैची
काय बोलू. आमच्याकडे पत्रे उडाले, नारळ बरेचसे टिकले, पोफळी मात्र गेल्याच. लाईट यायलाच किती आठवडे गेले.

केळशीकर
हो ना. आणि जुने फोटो वाडीत झाडं किती होती ते दाखवायला कामी आले, आईने पक्ष्यांचे फोटो म्हणून जे हसून सोडून दिले होते तेच.

रानभूल
तिबोटी खंड्याबद्दल कुणीच कसं नाही लिहिलं? पाऊस सुरू झाला की येतो, चिमणीएवढा असेल नसेल, पण अंगावर सगळे रंग. ओढ्याच्या मातीच्या दरडीत बीळ करून अंडी घालतो. आता त्या बिळासमोर दहा-दहा जण तिकाटणी लावून बसतात. गेल्या पावसात एका ग्रुपने समोरच्या फांद्या तोडल्या, क्लीन बॅकग्राऊंड पाहिजे म्हणून. पक्षी चोचीत सरडुकली घेऊन समोरच्या वेलीवर बसून राहिला, बिळात जाईचना. मी भांडलो आणि कॅमेरा न काढताच निघालो.

लेन्सवाला
सगळ्यांना एका मापात नका मोजू. लपण करून, लांबून, थोडा वेळ काढतात असेही आहेत. फोटो आले म्हणूनच लोकांना हा पक्षी कळला, रायगडचा जिल्हा पक्षी झाला.

रानभूल
कळला म्हणूनच दहा जण येतात.

लेन्सवाला
बरं बाबा, तुझं खरं. माझी ३०० एमएम लेन्स विकायची आहे, कुणाला पाहिजे असल्यास निरोप टाका.

मुग्धा_पुणे
आम्ही वेळासला गेलो होतो कासवं बघायला. सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तिथे अंडी राखायचं काम सुरू केलं आणि गावाने ते उचलून धरलं, घराघरात राहायची सोय. पहाटे किनाऱ्यावर जाळीत टोपली उचलतात, खाली पिल्लं असली तर आहेत नाहीतर नाहीत. आमच्या वेळी नव्हती! माझा मुलगा रडकुंडीला. संध्याकाळी परत गेलो तर निघाली. फ्लॅश बंद, दोरीच्या अलीकडे उभं राहायचं, त्यामुळे माझ्या फोटोत करड्या वाळूवर एक करडा ठिपका आहे, त्याला लाल गोल करून सगळ्यांना पाठवला. उकडीचे मोदक मात्र अप्रतिम होते, त्याचे फोटो शार्प आलेत.

चाकरमानी
मोदकाचे टाका आधी.

राजापूरची गंगा
कशेळीचा कातळशिल्पातला हत्ती काढायला गेलात तर दुपारी जाऊ नका. डोक्यावर ऊन असलं की कोरलेल्या रेषा दिसतच नाहीत. सकाळी लवकर तिरपं ऊन आलं की खाचेत सावली भरते आणि हत्ती, त्याच्या पोटातले मासे, पक्षी एकेक दिसायला लागतात. खडू फिरवू नका, पाणी ओतू नका. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, तरी परवा कुणीतरी शेजारी बदाम कोरलाय. आता देवघळीला पण जाऊन या, जवळच आहे, आणि कनकादित्याचं देऊळ चुकवू नका, लाकडी खांब बघा.

तोंडवळी
माझ्याकडे रापणीचे (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मोठं जाळं) फोटो फार कमी आहेत. कारण दर वेळी कॅमेरा काढला की कुणीतरी ओरडतंच, "कॅमेरो ठेव, दोरी धर!" दोरी धरली की वाटा मिळतो. फोटो महत्त्वाचा की बांगडे, तुम्हीच सांगा.

बांद्याचो
बांगडे.

सड्यावरचा
भन्नाट लिहिताय सगळे. एक विचारायचं राहिलं, बाबांच्या याशिकाच्या लेन्समध्ये बुरशीचे धागे दिसतायत, पावसात तुम्ही काय करता? तांदळात ठेवू का?

लेन्सवाला
तांदूळ नको, पीठ जातं आत. हवाबंद डबा आणि सिलिका जेल, निळी गुलाबी झाली की तापवून परत वापरायची.

निवृत्त मास्तर
आमच्या कपाटात झिरोचा बल्ब पेटता असतो पावसाळाभर. पुस्तकं, कॅमेरा, रेशमी साड्या, सगळं कोरडं.

मुग्धा_पुणे
एलईडी चालेल का?

निवृत्त मास्तर
नाही. तो गरमच होत नाही. जुना तारेचा पाहिजे.

हर्णैची
तो आता मिळतच नाही हो. आमच्या बाजारात देवघरासाठी लाल मिळतो फक्त.

लेन्सवाला
लाल पळेल. घरी सांगायचं कपाटात देव बसवलाय, म्हणजे कॅमेऱ्याच्या किमतीबद्दल पण कुणी विचारणार नाही.